सिनेमात नसलेलं वाक्य

मेहकरात माणसाला नाव कमवायचं तर दोनच रस्ते: निवडणुकीला उभं राहायचं, नाहीतर मरायचं. चिंतामणराव पाठकांना बासष्टाव्या वर्षी तिसरा रस्ता सापडला, तोही न शोधता. ते एका सिनेमाच्या ट्रेलरमध्ये आले. अकरा सेकंद.

तोवर त्यांना गावात कोणी फारसं विचारत नव्हतं. पंचायत समितीत चौतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर कोण विचारणार? खुर्चीत होते तोवर लोक रस्त्यात थांबवून नमस्कार करत. खुर्ची गेली आणि नमस्कारही तिच्यासोबत ऑफिसातच राहिला. बायको स्नेहलता चार वर्षांपूर्वी गेली. एकुलती एक मुलगी मधुवंती पुण्यात. ती दर रविवारी सकाळी दहाला फोन करायची. जेवण वेळेवर होतं का, बीपीची गोळी घेता का, पाणी येतं का, आणि मग दोघंही काही क्षण गप्प. "बरं, ठेवते बाबा." आईच्या वर्षश्राद्धानंतर ती मेहकरला आली नव्हती. चिंतामणराव दर रविवारी पावणेदहापासून फोन समोर घेऊन बसत आणि तो वाजला की तीनदा वाजू देत, म्हणजे आपण वाट पाहत होतो असं तिला वाटू नये.

गेल्या हिवाळ्यात शंतनु गावात आला. हा त्यांच्याच गल्लीतला, पुण्याला जाऊन सिनेमाचं शिकलेला. 'नऊ चाळीसची मेहकर' नावाचा त्याचा पहिला सिनेमा, आणि त्याचं अर्धं शूटिंग आपल्या एस.टी. स्टँडवर. घर सोडून निघालेली मुलगी बसची वाट बघते, असा प्रसंग होता. मागच्या बाकावर एक म्हातारा हवा होता.

"काका, तुम्हीच बसा," शंतनु म्हणाला. "तुमचा चेहरा चांगला आहे. काहीच चाललेलं नसते त्याच्यावर."

चिंतामणरावांना हे कौतुकच वाटलं. सकाळपासून बाकावर बसून राहिले. "पोरी, गाडी लागली बघ," एवढंच वाक्य त्यांना होतं, आणि ते त्यांनी नऊ वेळा नऊ तऱ्हांनी बिघडवलं. शेवटी शंतनुनं कॅमेरा त्यांच्या तोंडाजवळ आणला. समोर हिरॉईन नव्हती, ती केव्हाच हॉटेलवर गेली होती. तिच्या जागी एक लोखंडी स्टँड उभा केला, त्याला टॉवेल अडकवला आणि सांगितलं, या टॉवेलकडे बघा.

"काय बोलू?"

"मनात येईल ते बोला काका. आवाज घेऊन नाही राहिलो आपण. नुसते ओठ हालले पाहिजेत, आवाज मागून दुसऱ्याचा टाकू."

आता ज्या माणसाच्या घरात दिवसाकाठी कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज नसतो, त्याला कोणी सांगावं की बोल, कोणाला ऐकू जाणार नाही, तर तो काय बोलेल? चिंतामणराव टॉवेलकडे बघत राहिले. मग चार वर्षांत जे कोणाजवळही बोलले नव्हते, ते हळू आवाजात त्या टॉवेलला बोलले.

"ती चला म्हणत होती. मीच थांबवलं."

इथं मागचं थोडं सांगणं भाग आहे. चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात स्नेहलताबाईंना धाप लागू लागली. गावातल्या डॉक्टरांनी कागद तपासून सांगितलं, दिवस घालवू नका, संभाजीनगरला न्या. ती बावीस तारीख. एकतीसला चिंतामणरावांचा निरोप समारंभ होता. चौतीस वर्षांत त्यांच्या गळ्यात हार पडायची ती पहिली आणि शेवटची वेळ. सभापती येणार, साहेब बोलणार, सपत्नीक सत्कार. "आपण जाऊन येऊ ना आधी," बाई म्हणाल्या. एकदा नाही, तीनदा म्हणाल्या. "नऊ दिवसांनी काय होते," असं म्हणून चिंतामणरावांनी तो विषय मिटवला. समारंभ थाटात झाला. बाई स्टेजवर शेजारी बसल्या, साडीचोळी घेतली, फोटोत हसल्या. दोन जूनला गाडीनं निघाले आणि सिंदखेडराजाच्या पुढं गाडीतच सगळं संपलं.

तेराव्याला लोक विचारू लागले, इतके दिवस काऊन थांबले? तेव्हा चिंतामणरावांच्या तोंडून निघून गेलं, "तीच नाही म्हणाली. म्हणे, तुमचा समारंभ होऊ द्या." ऐकणाऱ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावला. पतिव्रता म्हणून बाईंचं नाव झालं. मधुवंती तिथंच बसली होती. ती काही बोलली नाही.

तर ते वाक्य टॉवेलला सांगून झालं आणि चिंतामणरावांना फार हलकं वाटलं. घरी येऊन पोटभर जेवले आणि बऱ्याच दिवसांनी दुपारी गाढ झोपले. आवाज घेणारं यंत्र चालूच राहिलं होतं, ते बंद करायचं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, हे त्यांना कसं कळावं?

मार्चमध्ये ट्रेलर आला. दोन मिनिटं वीस सेकंदांचा. स्टँडसमोर चहाची टपरी चालवणाऱ्या भगवानरावांनी तो त्यांना मोबाईलवर दाखवला. आधी पैनगंगेचा पूल, बस, पोरांचा धिंगाणा, दोन-तीन हशे. मग हिरॉईन पिशवी घेऊन धावते, संगीत चढत जातं, आणि एकदम सगळे आवाज बंद. पडदा भरून चिंतामणरावांचा चेहरा. "ती चला म्हणत होती. मीच थांबवलं." लगेच हिरॉईनचे भरून आलेले डोळे. मग काळोख, एक ढोल, आणि तारीख.

चिंतामणरावांनी मोबाईल उलटा करून टपरीच्या फळीवर ठेवला. भगवानराव मात्र डोळे पुसत होते.

"काका, मले तं काटाच आला अंगावर. कोन ते? कोनाले थांबवलं तुमी?"

"सिनेमात आहे," चिंतामणराव कसेबसे म्हणाले.

"हाव, आता सांगू नका. आमी पाह्यतोच."

त्यांनी घाबरत घाबरत शंतनुला फोन लावला. तो आनंदानं ओरडायचाच बाकी होता. लाखो लोकांनी बघितलं होतं, आणि खाली सगळे तेच विचारत होते, तो म्हातारा कोण, कोणाला थांबवलं? "लिहून देऊन असं आलं नसतं काका," शंतनु म्हणाला. चिंतामणरावांना सांगायचं होतं, ते काढ बाबा. पण बाहेर कोणीतरी "पाठक काका आहेत का?" म्हणून हाक मारत होतं. चार वर्षांत त्या दारात येऊन कोणी हाक मारली नव्हती. त्यांनी फोन ठेवला आणि दार उघडलं.

तिथून पुढं जे झालं त्याची मला चीड येते, आणि कीवही येते. टपरीवर गेले की भगवानराव खुर्ची पुसून देत. "काका, हे पाव्हने वाशिमचे हायेत. त्याहिले आयकाचं हाय, एकडाव म्हना ना." पहिल्या वेळी चिंतामणरावांनी नको नको म्हटलं. दुसऱ्या वेळी म्हटलं, पण जीभ अडखळली. दहाव्या वेळेपर्यंत त्यांना कळलं होतं की "चला म्हणत होती"नंतर थोडं थांबायचं, नजर खाली न्यायची, आणि मग "मीच थांबवलं" जरा घोगऱ्या आवाजात सोडायचं. तेवढ्या थांबण्यात टपरीवरचे लोक श्वास धरत. एका लग्नात नवरदेवाच्या मित्रांनी त्यांना माईक दिला. त्यांनी वाक्य म्हटलं, टाळ्या पडल्या, कोणीतरी नवरदेवाकडे बोट करून ओरडलं, "याले थांबवा काका, अजून येळ हाय," आणि सगळा मांडव हसला. चिंतामणरावही हसले. त्याचं रील गावभर फिरलं. एकटा माणूस कशाच्या बदल्यात सोबत घेईल ते सांगता येत नाही.

आणि एका बुधवारी मधुवंतीचा फोन आला. बुधवारी. त्यांनी पहिल्याच घंटेला उचलला.

"बाबा, ट्रेलर बघितला," ती म्हणाली. "ते वाक्य तुम्हाला कोणी लिहून दिलं होतं का?"

हो म्हटलं असतं तर सुटले असते. नाही म्हटलं असतं तरी एका परीनं सुटले असते. चिंतामणरावांनी दोन्ही केलं नाही. चौतीस वर्षं त्यांनी फायलींवर टिपण्या लिहिल्या होत्या. साहेबांनी सही करावी एवढंच टिपणीत घालायचं आणि बाकीचं आतल्या पानांवर ठेवायचं, ही त्यांची हातोटी. ते म्हणाले, "सिनेमात कळेल. ये ना बघायला. इथंच लागणार आहे, आपल्या टॉकीजला."

ती म्हणाली, "येते."

येते! चिंतामणरावांनी घर झाडलं, जाळी काढली, उशांचे अभ्रे धुतले, बाईंच्या फोटोची काच पुसली. त्यांच्या मनात एक हिशेब बसला होता. ती सिनेमा बघेल. अंधारात, पडद्यावर, तो म्हातारा सगळं कबूल करेल. शंतनुनं पुढं काहीतरी रचलं असेलच, ती सिनेमातली मुलगी त्याला काहीतरी म्हणेल, माफ तरी करेल नाहीतर पाठ तरी फिरवेल. मग बाहेर आल्यावर आपल्याला काही बोलायची गरजच उरणार नाही. मधू समजून जाईल. आयुष्यभर कागद पुढं सरकवलेल्या माणसाला हेही कागदासारखंच सरकेल असं वाटत होतं.

सिनेमा लागायच्या दोन दिवस आधी शंतनु पास द्यायला घरी आला. पोहे खाताखाता म्हणाला, "काका, एक सांगायचं राहिलं. तुमचं ते वाक्य सिनेमात नाही बरं का. तुम्ही आहात, मागं बाकावर बसलेले दिसता. वाक्य फक्त ट्रेलरमध्ये."

"म्हणजे?"

"त्या वाक्याचा सिनेमाच्या गोष्टीशी काही संबंधच नाही ना. सिनेमात कोणी कोणाला थांबवतच नाही."

"मग ट्रेलरमध्ये काऊन टाकलं?"

शंतनुला हा प्रश्नच भाबडा वाटला. "लोकांना प्रश्न पडला पाहिजे काका. ट्रेलरचं काम तेवढंच. उत्तर पाहिजे तर तिकीट काढा. आणि असं सगळेच करतात. हशे पहिल्या अर्ध्या मिनिटात, मग चढतं संगीत, मग शांतता, आणि शांततेत एक वाक्य. आमच्याजवळ तसं वाक्यच नव्हतं, ते तुम्ही दिलं."

"आणि ती मुलगी? माझ्या बोलण्यावर तिचे डोळे भरून येतात ते?"

"ते वेगळंच शूटिंग. तिच्या डोळ्यात धूळ गेली होती."

चिंतामणरावांनी त्याला हात जोडून विनंती केली की ते वाक्य कुठं तरी घाल. तो म्हणाला, सेन्सॉर झालं, प्रती गेल्या, आता देवालाही घालता येणार नाही. तो गेल्यावर चिंतामणरावांनी फोन हातात घेतला. येऊ नकोस, सिनेमात काही नाही, असं सांगायचं होतं. नंबर काढला आणि ठेवून दिला. सांगितलं तर ती येणार नाही. न सांगितलं तर निदान एक दिवस येईल. एका दिवसाचा लोभ त्यांना सुटला नाही.

शनिवारी सकाळी मधुवंती ट्रॅव्हल्सनं उतरली. संध्याकाळच्या पाचच्या गाडीनं तिला परत जायचं होतं. केसांत कानाजवळ पांढरं दिसत होतं, त्याचं चिंतामणरावांना नवल वाटलं. चहा तिनंच केला. साखरेचा डबा आईच्या वेळच्या जागी नव्हता, तो शोधावा लागला. आईच्या फोटोसमोर थोडी उभी राहिली. दोघांनी सकाळभर पुण्यातल्या पाण्याबद्दल, जावयाच्या कंबरेबद्दल आणि शेजारच्या सरस्वतीबाईंच्या मोतीबिंदूबद्दल बोलून घेतलं.

टॉकीजच्या दारात चिंतामणरावांचं स्वागत झालं. भगवानराव मिसेसना घेऊन आले होते. "ताई, तुमच्या बाबाइनं गाव गाजवलं," ते मधुवंतीला म्हणाले. ती हसली, तोंडदेखलं.

बाराला सिनेमा सुरू झाला. मधुवंती खुर्चीत पुढं सरकून बसली होती. स्टँडचा प्रसंग आला. बाकावर म्हातारा दिसला, टॉकीजमध्ये शिट्टी वाजली. "पोरी, गाडी लागली बघ," दुसऱ्याच कोणाच्या आवाजात. मुलगी बसमध्ये चढली, बस गेली. मधुवंती तशीच बसून राहिली. पुढं असेल, शेवटी असेल, असं तिला वाटत असावं. चिंतामणराव पडद्याकडे न बघता तिच्याकडे बघत होते. मध्यंतरात तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. शेवटची नावं वर सरकू लागली, दिवे लागले, लोक उठले, तरी ती पडद्याकडेच बघत होती.

"काका, तुमचा डायलॉग तं कापला ह्याहिनं," भगवानराव मागून म्हणाले. "हे काई बरं नाही केलं."

दोघं चालत स्टँडवर आले. गाडीला अवकाश होता. बाकावर बसल्यावर मधुवंती म्हणाली, "सिनेमात नाहीये ते."

"नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"दोन दिवस झाले." मग ते टॉवेलपासून धुळीपर्यंत सगळं बोलले. आवाज घेणार नाही म्हणाले होते, समोर कोणीच नव्हतं, आणि शंतनु म्हणतो की ट्रेलरमध्ये प्रश्नच पाडायचा असतो. ते शंतनुबद्दल फार वेळ बोलले. आपल्याबद्दल बोलायचं आलं की पुन्हा शंतनुकडे वळत होते. मधुवंतीनं ते सगळं बोलू दिलं.

"बाबा," ती म्हणाली, "आईनं मला एकोणतीस तारखेला फोन केला होता."

चिंतामणरावांनी तिच्याकडे बघितलं.

"म्हणाली, मला बरं वाटत नाहीये, पण हे म्हणतात, आधी समारंभ होऊन जाऊ दे. तू यांना काही बोलू नकोस, म्हणाली. म्हणून मी नाही बोलले. आणि तेराव्याला तुम्ही म्हणालात, तीच नाही म्हणाली. मी तिथंच होते. मला वाटलं, लोकांसमोर असं बोलावं लागतं. मला एकटीला सांगतील कधीतरी. दोनशे रविवार झाले असतील बाबा. गोळी घेतली का हे विचारायला मी फोन करत नव्हते."

स्टँडवर कोणत्या तरी गाडीचा पुकारा झाला.

"मग ट्रेलर आला," ती म्हणाली. "ऑफिसमध्ये बघितला. बाथरूममध्ये जाऊन रडले. मला वाटलं, तुम्ही मला सांगताय. नंतर लग्नातलं ते रील बघितलं. टपरीवरचंही बघितलं. सगळ्या गावाला सांगितलंत बाबा. मलाच तेवढं सिनेमात बघ म्हणालात."

"मधू..."

"अजूनही सांगितलेलं नाहीत. आता सांगा. इथं कोणी नाहीये."

चिंतामणरावांनी तिचा हात धरला. बाई त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या, फोटोत हसणाऱ्या नव्हे, गाडीत मागच्या सीटवर श्वासासाठी तडफडणाऱ्या. जे सांगायचं होतं ते खरं होतं, आणि आयुष्यात इतक्या खरेपणानं त्यांनी काही सांगितलं नव्हतं.

"ती चला म्हणत होती," ते म्हणाले. आणि थांबले. नजर खाली गेली. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मीच थांबवलं."

ते त्यांना स्वतःलाच ऐकू आलं. टपरीवरचं थांबणं, टपरीवरचा आवाज, जसंच्या तसं. त्यांना पुन्हा सांगायचं होतं, वेगळ्या शब्दांत, कोणत्याही शब्दांत. पण दुसरे शब्द येईनात.

मधुवंतीनं हळूच हात सोडवून घेतला.

"हे मी बघितलंय, बाबा," ती म्हणाली.

पाचची गाडी लागली. तिनं पिशवी घेतली, वाकून नमस्कार केला आणि खिडकीजवळची जागा धरली. चिंतामणराव खिडकीखाली उभे राहिले. गाडी सुटायला दहा मिनिटं होती आणि ती दहाही मिनिटं त्यांना बोलता आलं असतं. ड्रायव्हर चहा घेऊन आला, कंडक्टरनं दार ओढलं. तिनं खिडकीतून सांगितलं, रात्रीची गोळी विसरू नका. त्यांनी मान हलवली.